पेटाऱ्यात मोहोळ लागलंय, काय करू?

सिंधुदुर्गातल्या एका गावातून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय 61. निवृत्तीनंतर दोघं नवरा-बायको ठाणं सोडून गावच्या घरी राहायला आले. पावसाळाभर मांगर, म्हणजे शेतीचं सामान ठेवायची खोपी, बंद होता. नोव्हेंबरच्या सुरुवातीला कलमांची बेणणी, म्हणजे कलमांखालचं गवत काढायचं काम, करायची म्हणून त्यांनी मांगरातला जुना फणसाचा पेटारा उघडायला घेतला. ग्रास कटर, फवारणीच्या एचटीपी पंपाचा पाइप, कोयते, सगळं त्यातच. झाकण चार बोटं उचललं तर आतून घूं घूं आवाज आला, झाकणालाच चिकटून लोंबणारी पोळी दिसली आणि दोन माश्या हाताला चावल्या. हातातून झाकण सुटलं. त्या दिवसापासून घरात दोन तट पडले आहेत. शेजारीच राहणारे दीर म्हणतात, रात्री चूड, म्हणजे सुक्या झावळांची मशाल, पेटवून अर्ध्या तासात मोकळं करू. सासूबाई म्हणतात, घरात मोहोळ लागलं म्हणजे लक्ष्मी आली, कुणी हात लावायचा नाही. नाताळच्या सुट्टीत 7 वर्षांचा नातू येणार आहे. गेल्या वर्षी एकच माशी चावली तर त्याचा हात कोपरापर्यंत सुजला होता. ताई विचारतात, "माश्या मारल्याचं पाप माथी घ्यायचं, की नातवाचा जीव धोक्यात घालायचा?"

ताई,

तुमच्या हातातून झाकण सुटलं हे फार बरं झालं. पोळी झाकणालाच लागली आहेत असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे ते झाकण आता तुमच्यासाठी झाकण राहिलेलं नाही, माश्यांसाठी ते घराचं आढं आहे. पूर्ण उघडलं असतं तर पोळी मधोमध फाटली असती, मध आणि अळ्या खाली सांडल्या असत्या आणि सगळं मोहोळ अंगावर आलं असतं. तेव्हा पहिली विनंती: पेटारा पुन्हा उघडू नका. "जरा बघू तरी" म्हणूनसुद्धा नको. कुणी पाहुणा उत्साहानं पुढे झाला तर त्यालाही अडवा.

दुसरी विनंती चुडीबद्दल. ग्रास कटर पावसाळ्याआधी आत ठेवताना त्याची टाकी रिकामी केली होती का? पत्रात तसं काही नाही आणि बहुतेक घरांत कुणी करत नाही. म्हणजे त्या पेटाऱ्यात माश्यांच्या खाली पेट्रोल आहे. वर मांगराचे वासे, कोपऱ्यात शेणी, कदाचित गवताचा भारा. अशा जागी रात्री पेटती चूड घेऊन जायचं हा विचार, माश्यांचं काय व्हायचं ते होवो, माणसांसाठीच सोडून द्या. रॉकेल ओतणं, कीटकनाशकाचा फवारा मारणं हेही त्यातच आलं. पाप-पुण्याचा हिशोब नंतर करू. आधी मांगर शाबूत राहिला पाहिजे.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. "मारायचं की धोका पत्करायचा" असे दोनच रस्ते तुम्ही समोर ठेवलेत, आणि निकाल याच आठवड्यात लावायचा असं धरून चालला आहात. दोन्हींबद्दल मला तुमच्याशी बोलायचंय. पण त्याआधी या माश्या कोणत्या ते पाहू. बंद पडलेल्या सामानात जे गुणगुणतं ते प्रत्येक वेळी मोहोळ नसतं, आणि असे प्रश्न पडलेले वाचक तुमच्याखेरीजही बरेच आहेत.

फवारणी पंपाच्या नळीच्या तोंडात किंवा कुलपाच्या भोकात चिखलाचा गोळा दिसला तर ते कुंभारीण माशीचं काम. ती एकटी राहते, सहसा चावत नाही. घर जुनं, भोक पडलेलं असेल तर ती निघून गेली समजायचं, गोळा खरवडून काढला की झालं. कुदळीच्या दांड्याला किंवा बांबूला पेन्सिल जाईल एवढं गोल भोक आणि खाली भुसा पडलेला असेल तर तो काळा भुंगा. कागदासारखं करड्या रंगाचं, उघड्या घरांचं छत्र आढ्याला टांगलेलं असेल तर ती गांधीलमाशी. तिच्याशी मात्र जपून, कारण ती पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. पाइपच्या किंवा मीटरच्या पेटीच्या फटीतून मेणा-राळेची बारीक नळी बाहेर आलेली असेल आणि तिथून डासाएवढ्या काळ्या माश्या ये-जा करत असतील तर त्या पोयाच्या माश्या. त्यांना नांगीच चालवता येत नाही. त्यांना राहू द्यावं. गवत कापायच्या यंत्राच्या मुठीला किंवा फांदीला अचानक माश्यांचा घोस लटकलेला दिसला आणि आत पोळं दिसत नसेल, तर ती नव्या घराच्या शोधात निघालेली झुंड असते. बहुतेक वेळा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत ती आपण होऊन उठते. तेवढा वेळ त्या बाजूला जाऊ नये, बस्स.

तुमच्याकडे यातलं काहीच नाही. अंधारी बंद जागा, एकापुढे एक समांतर लोंबणारी पोळी, कोपऱ्यात वाळवीनं खाल्लेल्या फळीतून ये-जा: ही सातेरी. काही गावांत सातपुडी म्हणतात, पोळ्यांच्या त्या पदरांवरूनच. झाडाची ढोली, वारूळ, कातळातली कपार अशा जागा ती शोधत असते. महिनोन्‌महिने न हललेला, अंगठ्याएवढं भोक असलेला, पावसापासून आडोशाला ठेवलेला फणसाचा पेटारा म्हणजे तिला आयती ढोलीच मिळाली. आपण वस्तू ठेवून विसरतो तेव्हा ती रिकामी आहे असंच बाकीच्या जिवांना वाटतं, आणि त्यांचं काही चुकत नाही.

इथे मी तुमच्या दिरांबद्दल बोलते. पत्राच्या शेवटी एका ओळीत तुम्ही लिहिलंय की लहानपणी गुरांमागे गेले असताना त्यांच्यावर माश्या उठल्या होत्या आणि 3 दिवस ते इस्पितळात होते. ही ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत, मला मात्र सगळ्या पत्रात तीच महत्त्वाची वाटली. रानात गुराख्यांवर अशा उठतात त्या बहुधा आग्या माश्या. उंच झाडाला, कड्याला, पाण्याच्या टाकीला त्यांचं एकच भलंमोठं पोळं उघड्यावर लोंबतं आणि छेडल्या तर हजारोंनी पाठलाग करतात. आग्या पेटाऱ्यात घर करत नाही, तिला उघडंच लागतं. सातेरी तिच्यापेक्षा लहान, शांत. इतकी, की माणसं पिढ्यान्‌पिढ्या तिला पेटीत पाळत आली आहेत. सातेरीही चावते, तुम्ही अनुभवलंच. पण दीर ज्या माशीला घाबरतात ती तुमच्या पेटाऱ्यात नाही. त्यांना "भावजी, जिवाला मारू नये" असं सांगून उपयोग व्हायचा नाही. ते क्रूर आहेत म्हणून चूड मागत नाहीत, 10-12 वर्षांचा तो मुलगा अजून त्यांच्यात घाबरून उभा आहे. त्या दिवसाबद्दल त्यांना एकदा विचारा. कुठे झालं, कुणी उचलून आणलं, किती काटे काढले. आधी ऐकून घ्या, मग आग्या आणि सातेरीतला फरक सांगा.

सासूबाईंचंही खोडून काढू नका. त्यांचं म्हणणं तुमच्या परड्यात रोज सकाळी दिसतं. काकडी, कारलं, भोपळा यांच्या वेलीवर नर फुलातला पराग मादी फुलावर नेणारं कुणीतरी लागतं, नारळाच्या पोयीवरही, म्हणजे फुलोऱ्यावरही, मधमाश्या भरपूर येतात. आंब्याचं पीक दुप्पट होईल असलं आमिष मात्र मी दाखवणार नाही. आंब्याच्या मोहोरावर मधमाश्यांपेक्षा इतर माश्यांचीच वर्दळ जास्त असते. पण "हात लावायचा नाही" हेही पूर्ण बरोबर नाही. आता थंडी, पुढे फुलोरा. या दिवसांत सातेरीचं मोहोळ वाढतं. राणी अंडी घालतेय, साधारण 3 आठवड्यांत अंड्याची कामकरी माशी होते आणि हे चक्र थांबत नाही. "राहू दे, जातील आपण होऊन" म्हणून बसलात तर शिमग्यापर्यंत माश्या आजच्यापेक्षा कितीतरी जास्त असतील, पोळी जड होतील आणि काम अवघड होईल. म्हणजे घाई नको, पण टाळाटाळही नको. नातू यायला 6 आठवडे आहेत. पहिल्या 3 आठवड्यांत काम उरकायचं असं धरा.

आणि काम म्हणजे स्थलांतर. मोहोळ पेटाऱ्यातून काढून मधपेटीत बसवायचं. हे तुम्ही करायचं नाही, दिरांनीही नाही. मधपाळाला बोलवायचं.

अशी बदली मी एकदा जवळून पाहिली आहे. माझ्या आत्याकडे भाताच्या रिकाम्या कणगीत सातेरी शिरली होती. मधपाळ आला तो ऊन कलल्यावर, डोक्याला जाळी, हात उघडेच. त्यानं नारळाच्या सोडणाचा अगदी थोडा धूर दिला, ओंजळभर. धूर लागला की माश्यांचा इशारा-गंध झाकला जातो आणि त्या पोटभर मध पिऊन घ्यायच्या मागे लागतात. मग त्यानं कणगीची एक बाजू उसवली आणि एकेक पोळं कापून काढलं. अंड्या-अळ्यांचं एक पोळं त्यानं क्षणभर माझ्या तळहातावर ठेवलं. ते कोमट होतं, नुकत्याच उतरवलेल्या भाकरीसारखं. पिल्लांच्या भागात माश्या साधारण 34-35 अंश ऊब राखतात हे मला वाचून ठाऊक होतं, हाताला मात्र ते त्या संध्याकाळी कळलं. ती पोळी त्यानं लाकडी चौकटीत बसवून केळीच्या खोडाच्या सोपानं बांधली. चिकटवून झालं की माश्या सोप स्वतःच कुरतडून बाहेर टाकतात, म्हणाला. राणी सापडली तशी तिला छोट्या जाळीत घालून पेटीत ठेवलं. थोड्या वेळानं पेटीच्या दारात दहा-बारा माश्या शेपूट वर करून पंख हलवत उभ्या राहिल्या, बाकीच्यांना वास पोचवायला, आणि कणगीतल्या माश्या रांगेनं चालत आत जाऊ लागल्या. उडत नव्हत्या, चालत होत्या. आत्या उंबऱ्यावर बसून अंधार पडेपर्यंत बघत राहिली.

तुमच्याकडे पोळी झाकणाला असल्यामुळे मधपाळ झाकण उचलण्याऐवजी पेटाऱ्याची एका बाजूची फळी काढेल. ती फळी गेली तर जाऊ द्या. सुतार दुसरी लावून देईल.

माणूस कुठे शोधायचा? जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या जिल्हा कार्यालयात विचारा. त्याच मंडळाचं मध संचालनालय महाबळेश्वरला आहे, आणि पुण्यात खादी आयोगाची 1962 सालापासूनची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. या ठिकाणी शिकून गेलेले मधपाळ कोकणात विखुरलेले आहेत. महाबळेश्वरजवळचं मांघर 2022 मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं तेव्हापासून गावोगावी या कामाची चौकशीही वाढली आहे. बोलवण्याआधी फोनवर चार गोष्टी विचारून घ्या: पोळी कापून मध घेऊन माश्या तशाच सोडून देणार, की पेटीत बसवणार? पेटी कुणाची? पैसे किती? मध कुणाचा? "मध मी घेतो, पैसे नकोत" म्हणणारे काही जण पोळं पिळून निघून जातात आणि बेघर माश्या तुमच्याच अंगणात फिरत राहतात. शहरातल्या वाचकांनी पेस्ट कंट्रोलवाल्यांनाही हेच विचारावं: मारता की हलवता, आणि पोळी काढून नेता का? कारण विषानं मोहोळ मेलं तरी मेण आणि मध आतच राहतात. मग मुंग्या, मेणअळी, उंदीर येतात, मध पाझरतो, आणि त्या मेणाच्या वासानं पुढच्या हंगामात दुसरी झुंड नेमकी तिथेच येते.

आता मधल्या रस्त्याचा खरा भाग. मोहोळ पेटीत बसवलं की पेटी तुमच्याच बागेत 50 पावलांवर नेऊन ठेवावी असं वाटेल. तसं करू नका. माश्यांना जागा पाठ असते. त्या चरायला बाहेर पडतील आणि परत मांगरातच येतील. पेटी निदान 2-3 किलोमीटर लांब न्यावी लागते, म्हणजे त्या नव्यानं वाटा शिकतात. तेव्हा मधपाळाला सांगा की पेटी रात्री दार बंद करून स्वतःकडे घेऊन जा आणि जानेवारीत, नातू परत गेल्यावर, आणून दे. सुट्टीत मांगर मोकळा, माश्या जिवंत, सासूबाईंची लक्ष्मी माहेरी जाऊन आल्यासारखी. सातेरी मनस्वी आहे हेही सांगते. बदलीनंतर कधी कधी ती नवी पेटी सोडून निघून जाते. तसं झालं तर कुणाला दोष देऊ नका.

काम झाल्यावर 2-3 दिवस चुकलेल्या थोड्या माश्या मांगराभोवती घिरट्या घालतील. घर नसलं की त्यांना राखण्यासारखंही काही नसतं. पेटारा आतून खरवडून, गरम पाण्यानं धुऊन, उन्हात तापवा आणि ते भोक बारीक जाळीनं बंद करा.

बेणणीचं काय? तुम्ही लिहिलंय, "ग्रास कटर त्यातच अडकलाय म्हणून सगळं खोळंबलं." ताई, यंदा गवत काढायला स्वतःचं यंत्र घेऊन येणारा गडी बोलवा. दोन दिवसांच्या मजुरीत हा प्रश्न सुटतो, आणि मला वाटतं घरातला निम्मा ताण त्या गवताचाच आहे. फक्त त्याला मांगराजवळ यंत्र सुरू करू देऊ नका. इंजिनाचा आवाज आणि हादरे माश्यांना खपत नाहीत. त्या बाजूचं गवत राहिलं तर राहू द्या. पुढे फवारणी सुरू झाली की मोहोर फुललेला असताना, त्यातून सकाळी माश्या चरत असताना, कीटकनाशक मारू नका, आणि पेटी परत आलेली असेल तर मधपाळाला आदल्या दिवशी कळवा.

नातवाबद्दल. हात कोपरापर्यंत सुजला हे बघून तुम्ही घाबरलात ते साहजिक आहे. पण जिथे डंख बसला तिथूनच सूज पसरत जाणं वेगळं आणि सगळ्या अंगाची ॲलर्जी वेगळी. अंगभर गांधी उठणं, ओठ-जीभ सुजणं, आवाज बसणं, धाप लागणं, उलट्या, चक्कर, यातलं काहीही दिसलं तर घरगुती उपायात एक मिनिटही न घालवता 108 ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठायचा. तिथे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं. नुसत्या मोठ्या सुजेतून पुढे असं होण्याचा संभव कमी असतो, तरी गेल्या वर्षी यातलं काही झालं होतं का ते सुनेला नीट विचारा आणि येण्याआधी त्यांच्या डॉक्टरांचा सल्ला घ्यायला सांगा. तुमच्यापासून जवळचा कोणता दवाखाना रात्री उघडा असतो आणि तिथे ते इंजेक्शन असतं का, हे तुम्ही आजच विचारून ठेवा. माशी चावलीच तर काटा लगेच काढायचा, नखानं किंवा कशानंही. तो कातडीत राहिला की विष सोडत राहतो. आणि तिथून दूर व्हायचं. डंखाच्या जागी पिकल्या केळ्यासारखा वास येतो, तो बाकीच्या माश्यांना बोलावणारा असतो.

समजा मधपाळ मिळालाच नाही. तर मांगराला कडी घाला, भोवती दोरी बांधा, रात्री तिथला दिवा लावू नका, आणि सुट्टीत मुलाचं खेळणं घराच्या दुसऱ्या अंगाला ठेवा. सातेरी आपल्या दारासमोरची वाट मोकळी असली की कुणाच्या वाटेला जात नाही. पण नातवाला अंगभर ॲलर्जी आहे असं डॉक्टरांनी सांगितलं आणि मोहोळ हलवणारा कुणी भेटलाच नाही, तर जाणत्या माणसाकडून, आग न लावता, ते संपवावं लागेल. त्याला मी पाप म्हणणार नाही, आणि तुम्हीही रात्री जागून स्वतःला बोल लावू नका. ती वेळ येईल असं मला वाटत नाही.

जानेवारीत पेटी परत येईल तेव्हा ती कुठे ठेवायची हे दिरांना विचारा. सकाळचं कोवळं ऊन, दुपारची सावली, वाऱ्याला आडोसा, जवळ पाणी, पाऊलवाटेपासून लांब आणि पायांखाली पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. अशी जागा बागेत कुठे आहे हे ठाण्याहून आलेल्या तुम्हां दोघांना ठाऊक नसेल, त्यांना नक्की ठाऊक असेल.